दुसऱ्या आवाजाचा नट : शेवगावचे गणपतराव बोडस

‘संशयकल्लोळ’ शिकवताना वर्गात नाट्यपदांची ध्वनिमुद्रणे ऐकवण्याची माझी जुनी सवय आहे. नाटक नुसते वाचून संगीत नाटकाचा अनुभव येत नाही, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. मग निदान गाणी तरी त्यांच्या कानांवर पडावीत, एवढाच त्यामागचा हेतू. अश्विनशेठची पदे झाली, रेवतीची झाली. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, फाल्गुनरावाचं काही नाही का ऐकायला?” मी सहजपणे उत्तर दिले, की फाल्गुनरावाची भूमिका मुख्यतः गद्य आहे, त्यामुळे ऐकवण्यासारखे काही नाही. उत्तर चुकीचे नव्हते. पण घरी आल्यावर ते मला फार अपुरे वाटू लागले. ज्याच्या संशयावर सारे नाटक उभे आहे, त्याच्याविषयी “ऐकवण्यासारखे काही नाही” असे म्हणून आपण पुढे जातो आणि यात काही विपरीत घडते आहे असे आपल्याला वाटतही नाही!

त्या विद्यार्थिनीचे गाव शेवगाव तालुक्यातले होते आणि फाल्गुनरावाची भूमिका गाजवणाऱ्या नटाचा जन्म शेवगावचाच. हा योगायोग तिला ठाऊक नव्हता. प्रश्न ऐकताना मलाही तो आठवला नाही, हे कबूल केले पाहिजे.

गणेश गोविंद बोडस, म्हणजेच गणपतराव बोडस, यांचा जन्म २ जुलै १८८० रोजी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील शेवगावला झाला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे नवे पर्व सुरू झाले. म्हणजे हा नट आणि हा नाट्यप्रकार जवळजवळ एकाच वयाचे. दोघांत जेमतेम चार महिन्यांचे अंतर. पुढे गणपतराव याच किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले, गोविंद बल्लाळ देवलांच्या तालमीत घडले, ‘मानापमाना’तला लक्ष्मीधर, ‘संशयकल्लोळा’तला फाल्गुनराव आणि ‘एकच प्याला’तला सुधाकर अशा एकमेकींशी काडीचेही साम्य नसलेल्या भूमिकांनी त्यांनी नाव मिळवले, ‘माझी भूमिका’ हे आत्मचरित्र १९४० साली प्रसिद्ध केले, १९५६ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला आणि २३ डिसेंबर १९६५ रोजी ते निवर्तले. कोशातील नोंदीत मावणारे चरित्र एवढेच. मला त्यांच्याविषयी लिहायचे आहे ते थोड्या वेगळ्या वाटेने, आणि ती वाट इटलीवरून जाते.

इटालियन ऑपेरात पुरुषांचे आवाज ढोबळपणे तीन पट्ट्यांत विभागलेले असतात. वरचा टेनर, खालचा बास आणि या दोहोंमधला बॅरिटोन. नायक बहुधा टेनर. प्रेम करायचे, उंच स्वर लावायचा आणि मरायचे, हे त्याचे काम. बास म्हणजे राजा, पुरोहित, म्हातारा. मग बॅरिटोनच्या वाट्याला काय येते? बाप, प्रतिस्पर्धी, मत्सरी नवरा, खलनायक, विदूषक. थोडक्यात, कथानक पुढे ढकलणारी माणसे. टेनर आणि नायिका यांना सुखाने नांदू द्यायचे नाही, ही बॅरिटोनची नेमणूक, असा विनोद ऑपेराच्या रसिकांत रूढ आहे. पण एकोणिसाव्या शतकात या मधल्या आवाजाचे नशीब पालटले आणि ते बऱ्याच अंशी व्हेर्दी या संगीतकाराने पालटले. १८४२ मध्ये मिलानच्या स्काला नाट्यगृहात त्याचा ‘नाबुक्को’ झाला. त्यातली शीर्षक भूमिका जॉर्जो रॉन्कोनी याने केली. रॉन्कोनीच्या आवाजाचा पल्ला बेताचा होता, असे त्याच्या समकालीन टीकाकारांनी लिहून ठेवले आहे. पण त्याचा अभिनय असा की ऐकणाऱ्याला आवाजातली उणीव जाणवू नये. पुढे १८४७ मध्ये ‘मॅकबेथ’ची तयारी चालू असताना व्हेर्दीने फेलीचे वारेसी या बॅरिटोनला पत्रे लिहिली. संगीतकारापेक्षा कवीची चाकरी अधिक कर, शब्द आणि प्रसंग नीट समजून घे, म्हणजे गाणे आपोआप ठीक होईल, असा त्या सांगण्याचा आशय. एक संगीतकार आपल्या गायकाला हे सांगतो, ही लहान गोष्ट नव्हे. याच वारेसीने १८५१ मध्ये ‘रिगोलेत्तो’तला कुबडा विदूषक रंगवला आणि दोन वर्षांनी ‘ला त्राव्हियाता’त नायकाच्या बापाची भूमिका केली. या बापाच्या भूमिकेवर मात स्वारी रुष्ट होती. एवढ्याशा कामात आपला काय कस लागणार, असे त्याला वाटले. नट इथून तिथून सारखेच!

आता १८९३ या एका वर्षाकडे पाहू. ९ फेब्रुवारीला मिलानमध्ये व्हेर्दीचा शेवटचा ऑपेरा ‘फाल्स्टाफ’ रंगभूमीवर आला. शेक्सपिअरच्या सुखात्मिकेवर आधारलेल्या या ऑपेरात फोर्ड नावाचा एक मत्सरी नवरा आहे आणि ही भूमिका बॅरिटोनची आहे. ती पहिल्यांदा केली आंतोनियो पिनी-कोर्सी याने. याची कारकीर्द पाहण्यासारखी आहे. जन्म १८५८ मध्ये, एड्रियाटिक समुद्राकाठच्या झारा या गावी. हे गाव आज क्रोएशियात आहे. १८७८ मध्ये क्रेमोना या लहान शहरात रॉसिनीच्या एका सुखात्मिकेतून पदार्पण. मग वर्षानुवर्षे विनोदी बॅरिटोनची कामे. १८९६ मध्ये पुच्चिनीच्या ‘ला बोएम’चा पहिला प्रयोग तूरिनला झाला, तेव्हा चार मित्रांपैकी शोनार हा वादक मित्र पिनी-कोर्सी झाला होता. १९१० मध्ये न्यूयॉर्कला पुच्चिनीच्याच ‘पश्चिमेकडील मुली’च्या पहिल्या प्रयोगात तो एक खाणकामगार होता. १९१८ मध्ये मिलानला मृत्यू. नायकाची भूमिका बहुधा वाट्याला न येताही चाळीस वर्षे भरगच्च कामाची गेली. शिवाय त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यामुळे त्याचा आवाज आजही ऐकता येतो.

त्याच १८९३ मध्ये इकडे देवलांचे ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक अवतरले. मूळ मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनाचे. वाटेत आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराचा एक मुक्काम. मत्सरी नवऱ्याची ही कथा युरोपात शतकानुशतके फिरत होती. एकाच वर्षी तिची एक शाखा मिलानला फोर्डच्या रूपाने आणि दुसरी महाराष्ट्रात फाल्गुनरावाच्या रूपाने फुलावी, याला योगायोगापलीकडे काही अर्थ नाही. पण तुलनेला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

व्हेर्दीने फोर्डचे काय केले? आपली बायको परपुरुषाला भेटणार आहे असे ऐकल्यावर फोर्ड रंगमंचावर एकटा उरतो आणि त्याच्या तोंडी व्हेर्दीने एक दीर्घ स्वगत दिले आहे. प्रसंग हास्याचा, संगीत मात्र शोकांतिकेचे. काही क्षण आपण हसायचे विसरतो. युरोपीय लोकसमजुतीप्रमाणे फसवल्या गेलेल्या नवऱ्याला शिंगे फुटतात, म्हणून वाद्यवृंदातली शिंगासारखी हॉर्न वाद्ये त्याची थट्टा करत राहतात. दुय्यम पात्राची व्यथा आणि तिची टवाळी ही दोन्ही कामे संगीताने अंगावर घेतली आहेत. नट त्यावर कळस चढवील. पण इमारत संगीतकाराने बांधून दिलेली आहे.

फाल्गुनरावाला असे काही मिळाले नाही. १४ जून १९१६ रोजी देवल निवर्तले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचे संगीत रूप ‘संशयकल्लोळ’ या नावाने रंगभूमीवर आणले. बालगंधर्व रेवती, गणपतराव फाल्गुनराव. गद्य नाटकाचे संगीत नाटक होताना लोकांच्या ओठांवर राहिलेली पदे कुणाच्या वाट्याला आली? प्रेमिकांच्या, रेवतीच्या आणि अश्विनशेठच्या. संशय गद्यात राहिला. (देवलांनी पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे दिली आहेत, फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या एका बाजूला, कृत्तिका, रेवती, मघा दुसऱ्या. हे विद्यार्थ्यांना सांगितले की वर्गात हमखास हशा येतो. नाटकाचा निम्मा खेळ या पंचांगातच आहे.)

पण नाटकाची यंत्रणा पाहा. रस्त्यात घेरी येऊन पडणाऱ्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो. ते कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तसबीर कृत्तिकेला सापडते. ती न्याहाळत असलेली कृत्तिका फाल्गुनरावाला दिसते. दोघांनीही डोळ्यांनी पाहिले ते खरे आहे आणि लावलेला अर्थ खोटा आहे. इथून पुढे प्रत्येक प्रवेशाची गती फाल्गुनरावाच्या हाती आहे. तो थांबला तर नाटक थांबते. आणि ही गती पदांच्या शेजारी सांभाळायची आहे, हे विसरता येत नाही. बालगंधर्वांचे पद सुरू झाले की काळ थांबे. ‘वन्समोअर’ येत, पद पुन्हा होई, प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. त्या साऱ्या अवधीत नाट्याचा धागा कुणीतरी हाताशी धरून ठेवावा लागे आणि गाणे संपताच ऐकणाऱ्यांना सुरांच्या धुंदीतून काढून पुन्हा घोटाळ्यात आणून सोडावे लागे. तेही ध्वनिक्षेपक नसताना, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवून. गणपतरावांचे काम हे होते. इटालियन बॅरिटोनला या कामी वाद्यवृंदाची साथ असते. गणपतरावांना होती ती देवलांच्या गद्याची आणि त्यांच्याकडून मिळालेल्या तालमीची. देवलांचे गद्य अभिनयाला फार सोयीचे आहे. वाक्ये लहान, बोलीतली. श्वास कुठे घ्यायचा ते वाक्यच सांगते. वर्गात मोठ्याने वाचून पाहावे, म्हणजे पटेल.

आपल्याकडे आवाजांची टेनर-बॅरिटोनसारखी नाट्यगत वर्गवारी झाली नाही, याचे कारण आपल्या संगीतात आहे. नाटकाची पट्टी ठरे ती प्रमुख गायक नटाच्या आवाजावरून. काळी चार की पांढरी पाच, त्यावर ऑर्गनचा स्वर बांधला जाई. स्त्रीभूमिकाही पुरुषच करत, त्यामुळे उंच, पातळ, चढा आवाज हीच गायक नटाची पहिली दौलत ठरली. १९०१ मध्ये अकाली गेलेल्या भाऊराव कोल्हटकरांची कीर्ती अशाच आवाजाची. एकाच वेळी दोन-तीन-चार आवाज वेगवेगळ्या सुरांत गात आहेत आणि त्यांच्या संघर्षातून नाट्य उभे राहते आहे, ही ऑपेराची रीत आपल्या एकल गायकीत बसणारी नव्हती. मग मधल्या आवाजासाठी संगीत रचणार कोण आणि कशासाठी? परिणाम असा झाला की इटलीत ज्या जागी बॅरिटोन उभा होता, त्या जागी आपल्याकडे गद्य बोलणारा नट आला. जागा तीच, साधन निराळे. ही उणीव होती असे माझे म्हणणे नाही. पण इतिहास लिहिताना आपण त्या जागेकडेच काणाडोळा केला, हे मात्र खरे.

‘मानापमाना’चे उदाहरण घ्या. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत पहिला प्रयोग. गोविंदराव टेंब्यांच्या चाली. नानासाहेब जोगळेकरांचा धैर्यधर, बालगंधर्वांची भामिनी, गणपतरावांचा लक्ष्मीधर. त्या दिवसाची हकिगत सर्वांना ठाऊक आहे : त्याच दिवशी बालगंधर्वांचे मूल दगावले आणि तरीही त्यांनी प्रयोग केला. जोगळेकर त्याच वर्षी वारले. या दोन दुःखद घटनांच्या छायेत लक्ष्मीधराविषयी कुणी काय बोलणार? तरी खाडिलकरांच्या नाटकाची मांडणी पाहा : मान कशाला, धनाला की शौर्याला, हा त्यातला वाद आहे. धैर्यधर कितीही गायिला तरी समोरचा लक्ष्मीधर पुरेसा हास्यास्पद आणि तरीही पुरेसा खरा वाटल्याखेरीज हा वाद उभाच राहत नाही. भित्रा, संपत्तीचा तोरा मिरवणारा, पण दुष्ट नव्हे. ही रेषा नटानेच ओढायची असते. गंमत म्हणजे याच १९११ साली मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन पंचम जॉर्जच्या हस्ते झाले. ऑपेरासाठी बांधलेल्या त्या वास्तूत पुढे मराठी संगीत नाटकांचेही प्रयोग झाले. इमारतीने दोन्ही परंपरांना जागा दिली. तुलना करण्याचे काम अभ्यासकांचे होते, ते राहून गेले.

१९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि बोडस यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. मला या त्रयीची रचना नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे. एक गळा, एक चाली बांधणारा आणि एक नट. संगीत नाटकाला ज्या तीन गोष्टी लागतात, त्या तीन मालकांच्या रूपाने तेथे एकत्र होत्या. टेंबे दोन वर्षांत बाहेर पडले, पुढे गणपतरावही पडले आणि मंडळी एका गळ्यावर उभी राहिली. त्या गळ्याचे ऐश्वर्य निर्विवाद आहे. पण नाटक या दृष्टीने पाहिले तर तोल तेव्हाच गेला, असे माझे मत आहे. गंधर्वभक्त वाचक यावर रागावतील, हे जाणून लिहितो.

गणपतराव त्या मंडळीत असतानाची शेवटची मोठी भूमिका सुधाकराची. येथे जरा थांबले पाहिजे, कारण ‘एकच प्याला’ आपल्यापैकी बहुतेकांनी शिकलेले आणि शिकवलेले नाटक आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी वारले आणि २० फेब्रुवारीला बडोद्यात नाटकाचा पहिला प्रयोग झाला. लेखकाने तो पाहिला नाही. पदे बहुतांश विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. म्हणजे या नाटकात एक शिवण आहे : गद्य गडकऱ्यांचे, गाणे मागाहून दुसऱ्या हाताने आलेले. आणि ही शिवण नेमकी सुधाकर आणि सिंधू यांच्यामधून जाते. सिंधू गाते, सुधाकर बोलतो. वकिलीची सनद जाण्याचा अपमान, तळीरामाने पुढे केलेला पहिला प्याला, शुद्धीवर येऊन केलेले निश्चय आणि त्यांचे मोडणे, पोटच्या पोराची हत्या, शेवटचे विष, हे सगळे सुधाकराने गद्यात वाहून न्यायचे आहे. आणि ते बालगंधर्वांच्या सिंधूसमोर.

ही शोकांतिका सुधाकराची की सिंधूची, हा आपल्या प्रश्नपत्रिकांतला ठरलेला प्रश्न. उत्तरे आपण संहितेतून काढतो : ॲरिस्टॉटल, नायकाचा प्रमाद, सिंधूच्या सोशिकपणाची अतिशयोक्ती वगैरे. माझ्या मते या वादाचे मूळ संहितेइतकेच प्रयोगाच्या घडणीत आहे. प्रेक्षकांचे अश्रू स्वरांबरोबर सिंधूकडे गेले आणि ध्वनिमुद्रिकांनी ते कायमचे तिच्या नावे जमा केले. सुधाकराच्या बाजूची नोंद गणपतरावांच्या देहात आणि वाणीत होती. ती प्रयोगाबरोबर विरली. आपण आज वाचतो ते नाटक एका बाजूने ऐकू येणारे आणि दुसऱ्या बाजूने मुके आहे. या मुक्या बाजूचा विचार न करता ‘गडकऱ्यांनी सिंधूला झुकते माप दिले’ असे लिहिणे म्हणजे ध्वनिमुद्रिकेचा दोष नाटककाराच्या माथी मारणे होय.

इटलीतही हे घडू शकले असते. विसाव्या शतकातील तितो गॉब्बी (१९१३–१९८४) हा बॅरिटोन, ज्याने यागो, स्कार्पिया, फाल्स्टाफ या भूमिका केल्या, त्याच्याबद्दल आवाजापेक्षा अभिनयाचीच वाखाणणी अधिक होते. पण त्याचा अभिनय स्वरांत मुरलेला असल्यामुळे मुद्रिकेवर उमटला. १९६४ मध्ये लंडनला मारिया कॅलासबरोबर त्याने केलेल्या ‘तोस्का’चा दुसरा अंक चित्रित झाला आहे. आमच्या नटांच्या वाट्याला ही सोय आली नाही. विनोद, विराम, भुवई उंचावून गिळलेले वाक्य, यांचा संग्रह कुठल्याही तबकडीवर होत नव्हता.

राहता राहिले पुस्तक. ‘माझी भूमिका’ हे शीर्षकच पाहा. नटाने वठवलेली ती भूमिका आणि माणसाने घेतलेली तीही भूमिकाच. मराठीतला हा श्लेष गणपतरावांनी सहज उचलला आहे. त्याच सुमारास, १९३९ मध्ये, टेंब्यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ आले. नाटकमंडळ्यांचा सुवर्णकाळ संपून बोलपट स्थिरावल्यानंतर, एकाच मंडळीच्या दोन माजी भागीदारांनी वर्षाच्या अंतराने लेखणी उचलावी, हे लक्षणीय आहे. पुढे चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ही याच रांगेत बसले. नटांची आत्मचरित्रे आपण आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचे नमुने म्हणून वाचतो. शैली कशी, प्रांजळपणा किती, इत्यादी. ती रंगभूमीच्या हरवलेल्या अर्ध्या भागाची साधने म्हणून वाचली जात नाहीत. टेंब्यांचे पुस्तक संगीताचे विद्यार्थी वाचतात, कारण त्यांना त्यात संगीत सापडते. बोडसांचे कोण वाचते? मराठीच्या विद्यार्थ्यांनीच वाचायला हवे. गद्याचा अभ्यास करणारे आपणच आहोत.

आजच्या विद्यार्थ्यांना गणपतराव भेटतात ते प्रामुख्याने २०११ च्या ‘बालगंधर्व’ या चित्रपटातील एक पात्र म्हणून. तिथेही ते दुसऱ्याच्या गोष्टीतले मधले माणूस आहेत. टेनरच्या गोष्टीतला बॅरिटोन!

यंदा ‘संशयकल्लोळ’ लावताना मी क्रम बदलला. आधी फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचा तसबिरीचा प्रवेश विद्यार्थ्यांकडून मोठ्याने वाचून घेतला. घाईघाईने नव्हे, विराम सांभाळत. दोन मुलांनी तो प्रवेश तीन वेळा वाचला. पहिल्या वेळी कुणी हसले नाही. दुसऱ्या वेळी थोडे हसले. तिसऱ्या वेळी फाल्गुनराव वाचणाऱ्या मुलाने एका वाक्याच्या मध्येच थांबून कृत्तिकेच्या हाताकडे नुसते पाहिले आणि सारा वर्ग फुटला. मग त्यांना गणपतराव बोडसांचे नाव सांगितले, गावही सांगितले. गाण्यांची ध्वनिमुद्रणे त्या दिवशी राहून गेली. ती पुढच्या तासाला ऐकवली.